पेशींची वीण आणि अहवालातील एक ओळ

स्तनाच्या कर्करोगाचा विकृतिशास्त्रीय अहवाल एके काळी पाच-सहा ओळींत आटोपत असे. गाठीचा आकार, पेशींची प्रत, काखेतील लसिकाग्रंथींची संख्या आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत, एवढ्यावर शल्यचिकित्सकाचे भागत असे. आज तोच अहवाल दोन-तीन पानांचा झाला आहे. इआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ ही नावे डॉक्टरांच्याच काय, रुग्णाच्या घरच्या मंडळींच्याही तोंडी रुळली आहेत. त्यांच्या पाठोपाठ ई-कॅडहेरिन, पी-१२० कॅटेनिन, एपकॅम, सीडी-४४ अशी नवी नावे अहवालात डोकावू लागली आहेत. पेशींना एकमेकींशी किंवा भोवतालच्या जाळीशी जोडून ठेवणारी प्रथिने आणि त्यांचे पेशीतील सोबती असे हे कुळ आहे. शास्त्रीय परिभाषेत त्यांना पेशी-आसंजन प्रथिने म्हणतात.

या तपासण्यांविषयी वैद्यकीय वर्तुळात दोन टोकांची मते ऐकू येतात. जितकी चिन्हके अधिक, तितके निदान पक्के, असे एक मत. हा सारा प्रयोगशाळांचा वाढता पसारा असून रुग्णाच्या खिशाला भार आहे, असे दुसरे. ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. ई-कॅडहेरिनची तपासणी योग्य प्रसंगी केली तर एखाद्या स्त्रीची अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. तीच तपासणी प्रश्न न ठरवता सरसकट केली तर अहवाल लांबतो, खर्च वाढतो आणि निर्णय होता तिथेच राहतो. कोणता प्रसंग योग्य आणि त्याआधी आपण काय सुधारायला हवे, याविषयी माझे मत येथे मांडत आहे.

फुगडीची पकड

सस्तन प्राण्यांच्या शरीरातील पेशी एकमेकींना कशा धरून ठेवतात, या प्रश्नाचा मोठा उलगडा जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून झाला. त्या शोधाची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७० च्या दशकात ताकेइची क्योतोहून अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काही काळ संशोधनासाठी गेले. ट्रिप्सिन वापरून सुट्या केलेल्या पेशी क्योतोच्या प्रयोगशाळेत पुन्हा एकमेकींना चिकटत. बाल्टिमोरमध्ये मात्र त्या तशा चिकटेनात. शोध घेता असे दिसले, की तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम बांधून काढून घेणारे रसायन मिसळलेले होते. कॅल्शियम नसले की पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने ट्रिप्सिनला बळी पडतात आणि पेशींची पकड जाते, हे त्यातून उमगले. पुढे १९८४ मध्ये या कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या रेणूंना कॅडहेरिन हे नाव मिळाले. बाटलीतल्या द्रावणात काय आहे यावर निरीक्षण बदलते, हा या कथेतील धडा आपल्याला पुढे फॉर्मॅलिनच्या बाटलीपाशी पुन्हा आठवावा लागणार आहे.

ई-कॅडहेरिन हे आवरणपेशींचे, म्हणजे त्वचा, आतडे, स्तनातील नलिका यांच्या अस्तराचे कॅडहेरिन. त्याचा काही भाग पेशीबाहेर असतो आणि शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूला धरतो. फुगडी घालणाऱ्या दोघी जणी जशा एकमेकींचे हात धरून अंग मागे टाकतात, तशी ही पकड असते. दोघींपैकी एकीने हात सोडला की दुसरीचा तोल जातो. कॅल्शियमचे अणू त्या हातांना ताठपणा देतात. पेशीच्या आत हा रेणू बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन यांच्यामार्फत ॲक्टिनच्या तंतूंशी जोडलेला असतो, आणि पी-१२० कॅटेनिन त्याला पेशीपटलावर टिकवून धरते. म्हणून ई-कॅडहेरिन नाहीसे झाले की पी-१२० पटलावरून सुटून पेशीद्रवात पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल रंगातून दिसतो, आणि संशयाच्या वेळी पी-१२० ची साक्ष त्यामुळेच उपयोगी पडते.

गाठ न करणारा कर्करोग

स्तनाच्या पसरणाऱ्या कर्करोगांत सर्वांत मोठा गट कोणत्याही विशेष प्रकारात न मोडणाऱ्या कर्करोगाचा. व्यवहारात आपण त्याला अजूनही डक्टल म्हणतो. त्याखालोखाल लोब्युलर, म्हणजे खंडिकाजन्य कर्करोग येतो. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण १० ते १५ टक्के असते. भारतातील मालिकांत ते याहून कमी आढळते. या प्रकारातील बहुसंख्य अर्बुदांत ई-कॅडहेरिन नाहीसे झालेले असते. सोळाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील सीडीएच-१ या जनुकातील बिघाड हे त्याचे कारण, असे १९९० च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले.

या एका प्रथिनाच्या अभावाचा परिणाम रुग्णाच्या अंगावर स्पष्ट दिसतो. पकड सुटलेल्या पेशी घोळका करत नाहीत. त्या सुट्या सुट्या किंवा एकामागून एक अशा रांगेत संयोजी ऊतकातून सरकतात. भोवतालच्या रचनेची मोडतोड फारशी होत नाही. त्यामुळे हाताला ठळक गाठ लागत नाही, मॅमोग्राफीत सावली उमटत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कळते की रोग अपेक्षेपेक्षा बराच मोठा आहे. दूरवर पसरतानाही त्याची वाट वेगळी असते. हाडे आणि यकृत यांखेरीज उदरपटल, अंडाशय, जठर आणि आतडी येथे तो शिरतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार होऊन वर्षे लोटलेली स्त्री पोट फुगल्याची किंवा भूक मंदावल्याची तक्रार घेऊन येते. जठराच्या बायोप्सीत सुट्या, मुद्रिकेसारख्या पेशी दिसतात. जुन्या आजाराचा उल्लेख मागणीपत्रावर नसेल, तर जठराचा मूळ कर्करोग असे निदान सहज होऊ शकते. दोन्ही रोगांचे उपचार अगदी वेगळे आहेत. एकात संप्रेरकविरोधी गोळ्यांवर रुग्ण दीर्घकाळ सुखाने राहू शकते, दुसऱ्यात ती वाटच नाही.

जठराच्या पसरट कर्करोगातही ई-कॅडहेरिन बऱ्याचदा हरवलेले असते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. अशा वेळी केवळ ई-कॅडहेरिनचा रंग काहीच सांगत नाही. इआर आणि गाटा-३ यांसारखी चिन्हके, आणि त्यांहून अधिक, रुग्णाला विचारलेला एक साधा प्रश्न, निदान करतो. पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली होती काय, हा तो प्रश्न होय.

प्रश्न ठरवून केलेली तपासणी

माझ्या मते ई-कॅडहेरिनची तपासणी तीन प्रसंगी मागावी.

पहिला प्रसंग पसरण्यापूर्वीच्या अवस्थेचा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील फूट आणि स्टुअर्ट यांनी १९४१ मध्ये खंडिकांतच थांबलेल्या विकृतीचे, म्हणजे लोब्युलर कार्सिनोमा इन सिटूचे, वर्णन केले. ही विकृती पुढील धोक्याची सूचना मानली जाते, आणि अमेरिकन संयुक्त समितीच्या आठव्या आवृत्तीत तिला कर्करोगाच्या टप्प्यांतून वगळण्यात आले. तिचा नेहमीचा प्रकार कापलेल्या कडेवर आढळला तरी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही. नलिकांतील तत्सम विकृती, म्हणजे डीसीआयएस, कडेवर आढळली तर मात्र ती पुन्हा काढावी लागते आणि बहुधा किरणोपचारही द्यावे लागतात. मंद प्रतीच्या, भरीव वाढीच्या काही विकृतींत या दोहोंतील फरक नेहमीच्या रंगाने ओळखणे अनुभवी डोळ्यांनाही अवघड जाते. अशा वेळी ई-कॅडहेरिन आणि पी-१२० यांची जोडी निर्णायक ठरते. रंगाची एक पट्टी एका स्त्रीची दुसरी शस्त्रक्रिया टाळू शकते. खर्च सार्थकी लागण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा प्रसंग पसरणाऱ्या कर्करोगाचे स्वरूप संदिग्ध असेल तेव्हाचा, विशेषतः सुईने काढलेल्या लहानशा तुकड्यात. लोब्युलर आहे असे ठरले, तर रोगाचा विस्तार आणि दुसरा स्तन यांविषयी शल्यचिकित्सक अधिक सावध होतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआयचा विचार करतो. आधी रसायनोपचार देऊन अर्बुद नाहीसे करण्याची अपेक्षाही बेताची ठेवावी लागते, कारण या प्रकारात तसा प्रतिसाद कमी मिळतो. बिग १-९८ या मोठ्या चाचणीचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषणही येथे नमूद केले पाहिजे. टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत लेट्रोझोलचा लाभ लोब्युलर गटात डक्टल गटापेक्षा अधिक दिसला. हे विश्लेषण मागे वळून केलेले होते, त्यामुळे त्यावर सारा भार टाकता येणार नाही. तरीही नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांना ते विचार करायला लावते.

तिसरा प्रसंग वंशपरंपरेचा. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात, पिढ्यान्पिढ्या तरुण वयात होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे मूळ सीडीएच-१ जनुकातील उपजत दोषात सापडले. अशा कुटुंबांतील स्त्रियांना लोब्युलर कर्करोगाचाही धोका वाढलेला असतो. हा प्रसंग विरळा आहे, आणि येथे अर्बुदावरील रंग पुरत नाही. रक्तातील जनुकीय तपासणी आणि समुपदेशन लागते. पण त्या वाटेला लावणारा प्रश्न घराण्यात कोणाला तरुणपणी पोटाचा कर्करोग झाला होता काय, हाच आहे, आणि तो कुटुंबाच्या डॉक्टरलाच विचारता येतो.

या तीन प्रसंगांबाहेर, विशेषतः नेहमीच्या रंगात रूप स्पष्ट असेल तेव्हा, ही तपासणी करण्याचे मला कारण दिसत नाही. शिवाय एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सुमारे १५ टक्के लोब्युलर कर्करोगांत ई-कॅडहेरिनचा रंग काही प्रमाणात शिल्लक असतो. रेणू असतो, पण निकामी असतो. त्यामुळे रंग आला म्हणून लोब्युलर नाही, असा यांत्रिक निर्णय करणे चुकीचे ठरते. पेशींची मांडणी पाहणाऱ्या डोळ्याला रंगाने साहाय्य करावे. त्या डोळ्याची जागा रंगाने घेऊ नये.

भाकीत आणि उपयोग

आसंजन प्रथिनांच्या कुळातील इतर चिन्हकांविषयी अधिक सबुरी हवी. स्तनाच्या कर्करोगाचे जनुकीय अभिव्यक्तीवरून पाडलेले गट पेरू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडले. त्यात ल्युमिनल, हर-टू, बेसलसदृश असे प्रकार आले. २००७ मध्ये त्यात क्लॉडिन-लो या गटाची भर पडली. पेशींमधील फटी बुजवणारी क्लॉडिन ३, ४ आणि ७ ही प्रथिने आणि ई-कॅडहेरिन यांचे प्रमाण ज्यात खालावलेले असते, असा हा गट आहे. त्यातील बरेचसे कर्करोग ट्रिपल निगेटिव्ह असतात. जीवशास्त्र समजण्यासाठी हे सारे मोलाचे आहे. परंतु क्लॉडिनचा रंग करून आज कोणत्याही रुग्णाचे औषध बदलत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एपकॅमचे. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी एपकॅमच्या साहाय्याने लोहकणांना चिकटवून चुंबकाने वेगळ्या काढता येतात. या पद्धतीने ७.५ मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी आढळल्या, तर पसरलेल्या स्तनकर्करोगातील रुग्णाचे भवितव्य वाईट असते, असे २००४ मध्ये दाखवले गेले. भाकीत खरे होते. मग साहजिकच प्रश्न आला, की उपचार सुरू करूनही या पेशी हटल्या नाहीत तर औषध लवकर बदलून रुग्णाचे आयुष्य वाढते काय? अमेरिकेतील एस-०५०० या चाचणीने २०१४ मध्ये उत्तर दिले, की वाढत नाही. चिन्हक भवितव्य सांगते म्हणून ते बदलण्याचा मार्गही दाखवते, असे नव्हे. आमच्याकडे नवीन तपासणीची माहितीपत्रके येतात, त्यात पहिल्या गोष्टीचे आलेख असतात आणि दुसरीविषयी मौन असते. ती वाचताना हा भेद प्रत्येक डॉक्टरने मनाशी ठेवावा.

पकड सुटली की प्रसार होतो, हे सोपे समीकरणही आता तितकेसे सोपे राहिलेले नाही. २०१९ मध्ये उंदरांवरील आणि मानवी पेशींवरील प्रयोगांत असे दिसले, की डक्टल प्रकारच्या अर्बुदांतून ई-कॅडहेरिन काढून टाकले तर पेशी भोवती अधिक शिरतात खऱ्या, पण दूरच्या अवयवात पोहोचून तग धरणाऱ्या पेशी कमी होतात. सर्वांत आक्रमक समजल्या जाणाऱ्या दाहयुक्त स्तनकर्करोगात तर ई-कॅडहेरिन भरपूर असते. घोळक्याने जाणाऱ्या पेशींना प्रवासात एकमेकींचा आधार असतो, असे दिसते. तेव्हा अहवालात ई-कॅडहेरिन निगेटिव्ह वाचून रोग अधिक घातक आहे, असे रुग्णाला सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. लोब्युलर कर्करोग सुरुवातीची काही वर्षे इतरांइतकाच किंवा थोडा सौम्य वागतो. त्याचा परतावा मात्र उशिराने, दहा वर्षांनंतरही होऊ शकतो. म्हणून या रुग्णांना पाच वर्षांनी निरोप देऊ नये.

या कुळातून उपचाराचे लक्ष्यही मिळू शकते, हे मान्य केले पाहिजे. एपकॅमचे जवळचे नातेवाईक असलेले ट्रॉप-२ हे प्रथिन हेरून त्याच्या वाटेने पेशीत विष पोहोचवणारे सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगासाठी मान्य झाले. गंमत अशी, की ते देण्यापूर्वी ट्रॉप-२ किती आहे, हे मोजण्याची अट नाही. लक्ष्य आणि चिन्हक या गोष्टी एकच नसतात, याचा हा आणखी एक दाखला.

आधी फॉर्मॅलिनची बाटली

आता माझ्या मुख्य आग्रहाकडे येतो. भारतातील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आज सर्वाधिक आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. यांतील बहुतेक स्त्रियांच्या उपचाराचा पाया तीनच तपासण्यांवर उभा असतो. त्या म्हणजे इआर, पीआर आणि हर-टू. इआर पॉझिटिव्ह स्त्रीने पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले, तर पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारा मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतो. टॅमॉक्सिफेन ही आपल्या औषधपेटीतील अत्यंत स्वस्त गोळ्यांपैकी एक. इआर खोटा निगेटिव्ह आला, तर ती गोळी त्या स्त्रीपर्यंत पोहोचतच नाही.

आणि इआर खोटा निगेटिव्ह येण्याचे कारण पुष्कळदा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर असते. स्तन काढल्यावर तो नमुना एका तासाच्या आत, कापे देऊन, नमुन्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडायला हवा. ते फॉर्मॅलिन १० टक्के तीव्रतेचे आणि उदासीन, म्हणजे बफर केलेले हवे. त्यात नमुना किमान ६ आणि कमाल ७२ तास राहावा. प्रत्यक्षात काय होते, हे आपण सर्व जण जाणतो. शनिवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया होते. अखंड नमुना तोंडापर्यंत भरलेल्या लहान बरणीत कोंबला जातो, किंवा नातेवाईक आणेपर्यंत सलाइनमध्ये राहतो. सोमवारी बरणी उघडली जाते, तेव्हा बाहेरचा थर घट्ट आणि आतला भाग कुजू लागलेला असतो. अशा ऊतकावर कितीही महागडे प्रतिपिंड टाकले, तरी उत्तर विश्वासार्ह येणार नाही. ताकेइची यांच्या पेशी चिकटतात की नाही, हे द्रावणातील एका रसायनाने ठरवले होते. आपल्या रुग्णाचा इआर असतो की नाही, हे बरणीतील द्रव ठरवत असेल, तर दोष यंत्राला देता येत नाही.

या बाबतीत ई-कॅडहेरिनचा एक अनपेक्षित उपयोग सांगण्यासारखा आहे. अर्बुदाशेजारच्या निरोगी नलिकांत हे प्रथिन पेशीपटलावर असतेच असते. त्या नलिकाच रंगल्या नसतील, तर अर्बुद निगेटिव्ह आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. इआरच्या बाबतीतही निरोगी नलिकांतील काही पेशी रंगल्या पाहिजेत. अहवालात ही अंतर्गत साक्ष नोंदवलेली आहे काय, एवढे प्रत्येक शल्यचिकित्सकाने पाहावे. ते पाहायला पैसे लागत नाहीत.

मर्यादित पैसा कुठे खर्च करावा, असा प्रश्न आला तर माझे उत्तर स्पष्ट आहे. चांगले फॉर्मॅलिन, नमुना बुडवल्याच्या वेळेची नोंद, शंका असलेल्या इआरची फेरतपासणी आणि हर-टू २+ आले असता फिश चाचणी. हे सारे झाल्यावर, प्रश्न असेल तर, ई-कॅडहेरिन. हर-टू २+ वर थांबलेली आणि फिश न झालेली रुग्ण हातात आठ चिन्हकांचा अहवाल घेऊन फिरते, ही परिस्थिती आपल्याला शोभणारी नाही.

निगेटिव्ह या शब्दाचे ओझे

ही स्मरणिका वैद्यकीय व्यवसायाबाहेरील वाचकांच्याही हाती पडते. त्यांच्यासाठी चार शब्द. अहवालातील निगेटिव्ह या शब्दाने घराघरांत गोंधळ होतो. ट्रिपल निगेटिव्ह वाचून काहींना वाटते, तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या. ई-कॅडहेरिन निगेटिव्ह वाचून दुसऱ्या कोणाला वाटते, आईत काहीतरी उपजत उणीव होती आणि ती लेकीकडे आली असेल. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. अर्बुदातील ई-कॅडहेरिनचा अभाव बहुतेक वेळा त्या अर्बुदातच, आयुष्यात केव्हातरी, निर्माण झालेला असतो. तो रक्तातून वारसा म्हणून येत नाही. उपजत दोष अपवादात्मक आहे आणि त्याची चौकशी वेगळी असते. एका ओळीच्या चुकीच्या अर्थाने मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात अढी पडावी, हे वैद्यकाचे अपयश आहे. तो अर्थ समजावून सांगणे आमचे काम आहे, आणि निःसंकोच विचारणे हा तुमचा अधिकार आहे.

दुसरे असे, की आपल्या शिबिरांतून आपण स्त्रियांना गाठ शोधायला शिकवतो. ते योग्यच आहे. पण सगळेच कर्करोग गाठ करत नाहीत. स्तनाचा एखादा भाग पूर्वीपेक्षा घट्ट किंवा जाड लागणे, एक स्तन आक्रसणे किंवा आकाराने बदलणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्वचेला खळी पडणे, ही लक्षणेही डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहेत. मॅमोग्राफी स्वच्छ आली असली आणि लक्षण कायम असले, तर तपास तिथे थांबवू नये, असे मी डॉक्टरांनाही सांगेन.

मंडळाकडून अपेक्षा

आपल्या इंदुरातून पुढील उपचारासाठी मुंबईला जाणारे रुग्ण थोडे नाहीत. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या रुग्णाच्या पिशवीत अहवाल असतो. ब्लॉक आणि स्लाइड पुष्कळदा नसतात. तिथे पोहोचल्यावर ती मागितली जातात, आणि एक माणूस पुन्हा इंदूरला पाठवावा लागतो. यात गेलेला आठवडा कर्करोगाच्या उपचारातून वजा होतो. रुग्ण निघण्यापूर्वीच ब्लॉक, स्लाइड आणि अहवाल एका पाकिटात देण्याची पद्धत आपण सर्वांनी पाडली, तर त्याला कोणत्याही सरकारी अनुदानाची गरज नाही.

मंडळाने मनावर घेतले तर आणखी दोन गोष्टी एका वर्षात होऊ शकतात. एक पानाचे समान मागणीपत्र तयार करावे. त्यावर नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, पूर्वीचा कर्करोग, घराण्यातील स्तन, अंडाशय आणि जठराचा कर्करोग, आणि विकृतितज्ज्ञाला विचारायचा नेमका प्रश्न, एवढे चार रकाने असावेत. शहरातील शस्त्रक्रियागृहांना तयार बफर फॉर्मॅलिन आणि पुरेशा मोठ्या बरण्या मिळतील, अशी व्यवस्था मंडळातील प्रयोगशाळा चालवणारे सभासद मिळून करू शकतात. तसेच ज्या रुग्णांची हर-टूची फिश चाचणी केवळ पैशांअभावी अडली आहे, त्यांच्यासाठी स्मरणिकेच्या जाहिरातींच्या शिलकीतून लहानसा निधी राखून ठेवता येईल.

ई-कॅडहेरिनविषयी लिहायला बसलो आणि बरण्या व मागणीपत्रांवर येऊन ठेपलो, असे कोणाला वाटेल. परंतु चिन्हकांची किंमत ती कोणत्या हातांतून आली यावरच ठरते. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, नमुना नेणारा माणूस, तंत्रज्ञ, विकृतितज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि कुटुंबाचा डॉक्टर या सर्वांनी आपापले टोक धरले, तरच अहवालातील ती एक ओळ रुग्णाच्या उपयोगी पडेल. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या मागणीपत्राचा पहिल्या वर्षाचा हिशेब छापला जावा, एवढी अपेक्षा कार्यकारिणीपुढे ठेवतो.